गुड, बेटर आणि बरं

मराठी विशेषणं स्वभावाने बिचारी आळशी. एक मुलगा उंच, दुसरा त्याच्यापेक्षा उंच, तिसरा सगळ्यात उंच. 'उंच' जागचा हलत नाही. धावपळ सगळी 'पेक्षा' आणि 'सगळ्यात' यांनी करायची. इंग्रजीत मात्र विशेषणाला स्वतःच बढती घ्यावी लागते. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. आखूड शब्दाला मागे शेपूट फुटतं; ब्यूटिफुलसारख्या ऐसपैस शब्दाच्या पुढे 'मोर' नाहीतर 'मोस्ट' असा चोपदार चालतो. दोन्ही एकदम लावले की आमचे मास्तर छडी उगारत. 'जूलियस सीझर'मध्ये शेक्सपिअरने एकाच विशेषणाला 'मोस्ट' आणि 'एस्ट' दोन्ही लावले आहेत. पण तो आमच्या वर्गात नव्हता.

आपणही काही कमी नाही म्हणा. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ हे संस्कृतातले तयार सुपरलेटिव्ह. त्यांतला 'इष्ठ' आणि इंग्रजांचा 'एस्ट' ही तर एकाच घरातली भावंडं. म्हणजे 'श्रेष्ठ' म्हटलं की विषय संपला. पण सत्काराच्या भाषणात तेवढ्याने भागत नाही. तिथे 'श्रेष्ठतम' लागतो. शाल एक, सुपरलेटिव्ह दोन!

गुडच्या पोटी मात्र गुडर न निपजता बेटर निपजतो. हा सरळसरळ दुसऱ्या घराण्यातला दत्तक. बॅडच्या घरीही तोच प्रकार, तिथे वर्स. जे शब्द उठल्याबसल्या लागतात तेच नेमके नियम मोडतात, अगदी घरातल्या वडीलधाऱ्यांसारखे.

समानार्थी शब्दांची तऱ्हा आणखी निराळी. थिन, स्लिम, स्किनी डिक्शनरीत गुण्यागोविंदाने शेजारी नांदतात. पण स्थळ सुचवताना जी मुलगी 'स्लिम' असते, तीच नकार कळवताना 'स्किनी' होते. वजन तेच, बदलतो तो बोलणारा.

आणि खरी गोम तर पुढेच आहे. इंग्रजीतला 'ओल्डर मॅन' हा 'ओल्ड मॅन'पेक्षा तरुण असतो! तसाच 'बेटर' पेशंट हा 'वेल' पेशंटपेक्षा आजारी. वडील दवाखान्यात होते तेव्हा डॉक्टर रोज सकाळी नाडी बघून "बेटर" म्हणत आणि पुढच्या खाटेकडे वळत. आई व्याकरण शिकलेली नव्हती. नवव्या दिवशी तिने डॉक्टरांना दारातच गाठलं.

"बेटर, बेटर रोज म्हणता. बरे कधी म्हणणार?"

डॉक्टर हसले, पण उत्तर काही दिलं नाही. त्या रात्री आई जेवली नाही.

अठराव्या दिवशी वडील घरी आले. आईने मऊ भात आणि मेतकूट वाढलं. दोन घास खाऊन वडील म्हणाले, "बरं आहे."

चाळीस वर्षांच्या संसारात स्वयंपाकाला त्यांनी याहून वरची डिग्री कधी दिली नव्हती. आता हे ते मेतकुटाला म्हणाले की तब्येतीला, हे आईने काही विचारलं नाही. तिने आणखी भात वाढला.