जनरल रजिस्टरमधली ओळ

जातपडताळणीसाठी माझं प्रकरण गेलं, तेव्हा माझ्याजवळ भक्कम म्हणावा असा एकच कागद होता. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या जनरल रजिस्टरचा उतारा. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, पण ते सिद्ध करायचं तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधी वाडवडील कुठे राहत होते, ते विचारतात. आमचे वाडवडील पालात राहत होते. आज या शिवारात, महिन्याने पुढच्या. पालाला ना घरपट्टी, ना सातबारा. माझ्या आधी आमच्या घराण्यातल्या कुणाचं नाव कुठल्याच शाळेच्या दप्तरात नव्हतं. त्या उताऱ्यावर मात्र जातीच्या रकान्यात स्वच्छ, टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं : हिंदू-फासेपारधी. अक्षर आमच्या गुरुजींचं.

आमच्यातल्या कितीतरी पोरांच्या दाखल्यावर नुसतं ‘हिंदू’ लागलं, कुणाच्या भलतीच जात लागली. कुणी घाईत लिहिलं, कुणाच्या आईबापांनाच भीतीपोटी खरं सांगता आलं नाही. पुढे त्या पोरांची शिष्यवृत्ती अडली, वसतिगृह अडलं, नोकरी अडली. गुरुजींनी माझ्या बाला समोर बसवून नीट विचारलं आणि जे सांगितलं तेच लिहिलं. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. आईला एवढंच आठवत होतं की त्या साली पाऊस उशिरा आला. गुरुजींनी १ जून घातली. खेड्यातल्या माझ्या वयाच्या कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनलाच येतो.

हे सगळं तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातलं, कर्जत तालुक्यातलं. गावाबाहेरच्या गायरानावर आमची पालं होती. गावात माझ्या बाला सगळे ‘ए पारध्या’ अशीच हाक मारायचे. गुरुजी ‘अहो’ म्हणायचे. पहिल्यांदा त्यांनी ‘अहो, जरा बसा ना’ म्हटलं, तेव्हा बा मागे वळून बघायला लागला, दुसरं कुणी आलंय का म्हणून.

शाळेला खरा विरोध होता तो माझ्या आजीचा, आणि तिला हटवादी म्हणणाऱ्यांचा मला अजूनही राग येतो. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून काही जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९२४ च्या सुधारित कायद्याने तर अशा जमातींतल्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला होता. १९५२ साली तो कायदा देशभरातून गेला. आजीच्या मनातून गेला नव्हता. सरकारी माणूस येतो, पोरांची नावं लिहून घेतो आणि पोरं जातात, हे तिने लहानपणापासून ऐकलेलं. गुरुजी वही-पेन घेऊन पालावर आले, तेव्हा तिने मला पाठीमागे ओढून धरलं. गुरुजींनी पेन खिशात ठेवलं, जमिनीवर मांडी घातली आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आजी, पोरगी दिवस मावळायच्या आत घरी. मी स्वतः आणून सोडेन.” आणि सोडत राहिले. सायकल हातात धरून, माझ्याबरोबर चालत, आजीची भीती मोडेपर्यंत.

वर्गात मला कुणाशेजारी बसवायचं, यावरून कुरबुर झाली. पाण्याच्या माठावरूनही झाली. गुरुजींनी कुणाची समजूत घालत बसण्यापेक्षा हजेरीच्या क्रमाने बसायचा नियमच करून टाकला. माठातून पाणी काढून द्यायची पाळीही हजेरीच्याच क्रमाने. माझी पाळी आली त्या दिवशी मी ओतलेलं पाणी सगळ्यांच्या आधी गुरुजी प्यायले, आणि पुढचा धडा सुरू केला.

पण मी सगळ्यात जास्त ऋणी आहे ती दप्तराच्या नियमासाठी. वर्गातल्या एका मुलाची कंपासपेटी हरवली. एक शब्द न बोलता सगळा वर्ग माझ्याकडे वळला. मानीटर उठून माझ्या दप्तराला हात घालणार, तेवढ्यात गुरुजी कडाडले, “या वर्गात कुणाचंही दप्तर कुणीही उघडायचं नाही. मीसुद्धा नाही!” मी म्हणत होते, गुरुजी, बघा ना माझं दप्तर, काही नाही त्यात. त्यांनी मला दाखवू दिलं नाही. निर्दोष असल्याचा पुरावा द्यायला मला त्यांनी भागच पाडलं नाही. आमच्या माणसांच्या आयुष्यात असं सहसा होत नाही. तालुक्यात कुठे घरफोडी झाली की पहाटे पालावर जीप यायची, आणि बा गाडीत बसायच्या आधी दोन्ही हात उघडून दाखवायचा. एकदा अशाच चौकशीसाठी एक हवालदार शाळेत आला. मला बाहेर बोलवा म्हणाला. गुरुजी दारात उभे राहिले. “शाळा सुटेपर्यंत ही माझी विद्यार्थिनी आहे,” एवढंच म्हणाले. तो हवालदार गेला.

ती कंपासपेटी सापडली की नाही, मला आठवत नाही. गुरुजींनी त्यानंतर तो विषयही काढला नाही.

आता मी स्वतः जिल्हा परिषद शाळेत शिकवते. गुरुजींच्या हाताशी जे नव्हतं ते माझ्या हाताशी आहे. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू आहे. वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, असं त्याचं कलम १४ सांगतं. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात घ्या, असं कलम ४. तरी दर जूनला पालांवर, वीटभट्ट्यांवर मला अशी मुलं भेटतात ज्यांना कुठल्या तरी शाळेने ‘आधी आधार आणा’ म्हणून परत पाठवलेलं असतं. शिक्षकांची पदं ठरवताना आधार जुळलेल्याच मुलांची संख्या धरतात, त्यामुळे आधार नसलेलं मूल रोज बाकावर बसूनही हिशेबात येत नाही. मुख्याध्यापकांची अडचण मला कळते. पण त्या अडचणीचा भार सहा वर्षांच्या पोरावर टाकणं मला मान्य नाही. पटावर नाव आधी, कागद मागाहून, आणि कागद मिळवून देणं आमचं काम.

यंदा एका भट्टीवरच्या दोन बहिणींची नावं घातली. आईला धाकटीच्या जन्माचा दिवस सांगता येईना. केंद्रप्रमुखांनी विचारलं, तारखेला आधार काय? मी आईचं लेखी निवेदन, तिचा अंगठा आणि कलम १४ ची प्रत पुढे ठेवली. जातीच्या रकान्यात काय लिहायचं, ते मी आईला दोनदा विचारून, वाचून दाखवून मगच लिहिलं होतं. त्यांनी सही केली. मोठी दुसरीत बसते, धाकटी पहिलीत.