गोळ्यांची भूक

आमचे मामू मालेगावात पॉवरलूमवर होते. मजुरी मीटरवर, माग थांबला की पैसा थांबला. तीन महिने खोकला त्यांनी धुळीवर ढकलला. थुंकीतून रक्त आलं, तेव्हा कुठे सरकारी दवाखाना गाठला. टीबी निघाला.

औषध फुकट, सहा महिन्यांचं. दोन महिन्यांत खोकला थांबला आणि मामूंनी गोळ्या सोडल्या. मी तेव्हा कॉलेजात, चार बुकं शिकलेला. "हा अडाणीपणा आहे," असं मी त्यांना तोंडावर ऐकवलं. मामू गप्प. मुमानीच बोलल्या, "गोळ्यांनी भूक फार लागते रे बेटा. पाच-पाच रोट्या खातात. मग मुलांना काय घालू?"

२०१८ पासून टीबीच्या रुग्णाला आहारासाठी महिना ५०० रुपये मिळू लागले, २०२४ अखेर ते १००० झाले. मामूंच्या वेळी हे काहीच नव्हतं. अम्मी दर जुम्याला पिठाची पिशवी पाठवू लागली, तेव्हा मामू पुन्हा दवाखान्यात गेले. आता मात्र उपचार आठ महिन्यांचा, त्यात पहिले दोन महिने आठवड्याला तीन इंजेक्शनं. म्हणजे रांगेत तीन वेळा अर्धी पाळी बुडणार. मामू बरे झाले, अल्हमदुलिल्लाह. त्या 'अडाणी' शब्दाची माफी मात्र मी अजून मागितलेली नाही.