समृद्धीचे हप्ते

आमच्या धर्मग्रामात नवे वाहन घेतले की ते प्रथम देवळाच्या आवारात आणण्याचा प्रघात आहे. रविवारची दुसरी मिस्सा आटोपली की दोन-तीन कुटुंबे तरी वडाखाली ताटकळत उभी असतात. आम्ही पवित्र पाणी शिंपडतो, छोटीशी प्रार्थना करतो, पुढे केलेला पेढा तोंडात टाकतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. गेल्या आगमनकाळात एका तरुणाच्या मोटारीला आशीर्वाद देताना आम्ही सहज विचारले, "किती हप्ते रे बाबा?" तो हसून म्हणाला, "चौऱ्याऐंशी, फादर." म्हणजे सात वर्षे! शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या आईच्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि त्या आनंदाला चिंतेची एक बारीक किनारही होती.

त्या दुपारी आम्ही सेमिनरीतली एक जुनी वही शोधून काढली. ख्रिस्तसभेचा इतिहास शिकविणारे आमचे प्राध्यापक धर्मपरिषदांच्या सनावळ्यांत रमणारे नव्हते. दोन महायुद्धांच्या मधली अमेरिका नीट समजली तर विसावे शतक निम्मे समजले, असे ते नेहमी म्हणत. तेव्हा ते आम्हांस अतिशयोक्त वाटे. आता पन्नाशी ओलांडल्यावर वाटत नाही. ती वही, आणि पुढील वाचनाने तिच्यात पडलेली भर, यांच्या आधाराने मनात आले ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिले महायुद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये संपले तेव्हा युरोप रक्तबंबाळ आणि कर्जबाजारी झाला होता. अमेरिका मात्र जगाची सावकार बनली होती. १९२० च्या जनगणनेत त्या देशात प्रथमच निम्म्याहून अधिक लोक शहरवासी असल्याचे आढळले. त्याच वर्षी स्त्रियांना देशभर मताचा अधिकार मिळाला, दारूबंदी अमलात आली आणि पिट्सबर्ग येथून नियमित नभोवाणी सुरू झाली. दारूबंदीच्या कायद्यात मिस्सेच्या द्राक्षारसाला तेवढी सूट होती.

या नव्या युगाचे वाहन म्हणजे मोटार. हेन्री फोर्ड यांनी १९१३ मध्ये आपल्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर जोडणी सुरू केली. एका गाडीच्या सांगाड्याच्या जोडणीला जेथे साडेबारा तास लागत, तेथे दीड तास पुरू लागला. पुढच्याच वर्षी त्यांनी दिवसाला ५ डॉलर मजुरी जाहीर केली. १९०८ मध्ये ८५० डॉलरला विकली जाणारी त्यांची गाडी १९२५ पर्यंत, अगदी साध्या रूपात, २६० डॉलरला मिळू लागली. १९२० मध्ये त्या देशात सुमारे ८० लाख मोटारी होत्या, त्या १९२९ मध्ये २ कोटी ३० लाखांच्या आसपास गेल्या.

इतक्या मोटारी घ्यायला पैसा कोठून आला? उत्तर आपल्या ओळखीचे आहे : हप्त्यांतून. जनरल मोटर्स कंपनीने १९१९ मध्ये खास कर्ज देण्यासाठी वेगळी संस्था काढली. फोर्ड जुन्या वळणाचे. त्यांना कर्ज रुचत नसे. त्यांनी १९२३ मध्ये एक योजना आणली. दर आठवड्याला पाच डॉलर साठवायचे, पुरेसे साठले की गाडी घरी न्यायची. आमच्या आजीला ती योजना फार आवडली असती. पण ती चालली नाही. लोकांना थांबायचे नव्हते. दशकाच्या अखेरीस विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक उधारीवर जात होत्या. रेडिओ, पियानो, कपडे धुण्याची यंत्रे यांचेही तेच. बचत हा सद्गुण असलेल्या समाजात एका दशकात उधारी हा शहाणपणा ठरला.

रॉबर्ट व हेलन लिंड या दांपत्याने इंडियाना राज्यातील मन्सी या मध्यम आकाराच्या गावाचा अभ्यास करून १९२९ मध्ये 'मिडलटाऊन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. रॉबर्ट लिंड हे स्वतः धर्मशास्त्र शिकलेले. मोटार आल्यावर रविवारची सकाळ देवळाची राहिली नाही, सहलीची झाली, हे त्यांनी टिपले आहे. ते वाचून आम्ही वडाखालच्या गाड्या आठवल्या आणि स्वतःशीच हसलो.

पण या मेजवानीत सर्वांना पान वाढलेले नव्हते. युद्ध संपल्यावर धान्याचे भाव १९२० पासून कोसळले आणि शेतकरी संपूर्ण दशकभर सावरला नाही. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या वाट्याला जमावाच्या हातचे मरण होते. त्यांतील लाखो लोक उत्तरेच्या शहरांकडे निघाले. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये त्यांच्या संगीताला व साहित्याला बहर आला, पण घरभाडे जास्त आणि मजुरी कमी हे तेथेही सुटले नाही. ब्रुकिंग्ज या संशोधन संस्थेने पुढे हिशेब मांडला. ऐन भरभराटीच्या १९२९ साली सुमारे साठ टक्के अमेरिकन कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न २,००० डॉलरच्या आत होते आणि साध्या गरजा भागविण्यासच तेवढे लागत असत.

आणि आपले कॅथलिक? इटली, पोलंड, आयर्लंड येथून आलेले हे लोक खाणींत आणि कारखान्यांत राबत होते. तरी 'हे खरे अमेरिकन नव्हेत' अशी कुजबुज होती, आणि कू क्लक्स क्लॅन या संघटनेने तिची आरोळी केली. कृष्णवर्णीय व ज्यू यांच्याबरोबरीने तिचा रोख कॅथलिकांवरही होता. ऑगस्ट १९२५ मध्ये तिचे हजारो सभासद पांढरे झगे घालून राजधानीच्या रस्त्यांवरून उघडपणे चालले. ओरेगॉन राज्यात १९२२ साली मतदारांनी एक कायदा मंजूर केला. त्यानुसार सर्व मुलांना सरकारी शाळेतच घालणे सक्तीचे होणार होते, म्हणजे धर्मभगिनींच्या शाळांना टाळे. येशू आणि मारिया यांच्या पवित्र नामांच्या भगिनी न्यायालयात गेल्या आणि १ जून १९२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मूल हे सरकारची मालमत्ता नव्हे, हे तत्त्व काही धर्मभगिनींच्या चिकाटीमुळे त्या देशात रुजले.

१९२४ मध्ये परदेशातून येणाऱ्यांवर नवा कायदा आला. १८९० च्या जनगणनेत ज्या देशाचे जितके लोक होते त्याच्या दोन टक्के, एवढ्यांनाच दरवर्षी प्रवेश! मुद्दाम इतकी जुनी जनगणना धरण्याचे कारण उघड होते : तेव्हा इटालियन व पोलिश थोडे होते. इटलीचा वाटा वर्षाला चार हजारांच्या खाली आला. आशियाला तर दारच बंद झाले. त्याआधी, १९२३ मध्ये, अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेल्या भगतसिंग थिंद या पंजाबी गृहस्थांना भारतीय म्हणून नागरिकत्व नाकारले गेले होते. त्यांची बाजू मांडणारे वकील होते सखाराम गणेश पंडित. हे नाव त्या देशाच्या इतिहासात वाचून आम्ही थबकलो. पुढे पंडितांचे स्वतःचे नागरिकत्वही काढून घेण्याचा खटला झाला. तो मात्र त्यांनी जिंकला.

१९२८ मध्ये आल स्मिथ हे कॅथलिक गृहस्थ अध्यक्षपदासाठी उभे राहिले. न्यूयॉर्कचे चार वेळा निवडून आलेले गव्हर्नर. पण हे निवडून आले तर पोप राज्य करतील, असा प्रचार झाला. स्मिथ हरले. भरल्या पोटी कोणी सत्ताधारी बदलत नाही, हेही तितकेच खरे. विजयी हर्बर्ट हूव्हर यांना तर दारिद्र्याचे उच्चाटन दृष्टिपथात आले आहे, असे वाटत होते.

पुढे एका वर्षातच सारे उलटले. ऑक्टोबर १९२९ अखेर न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. तेथेही हप्त्याचाच न्याय होता. थोडी रक्कम स्वतःची, बाकी दलालाकडून उसनी, अशा रीतीने लोकांनी समभाग घेतले होते. सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर असलेला निर्देशांक जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला. सुमारे नऊ हजार बँका बुडाल्या. १९३३ मध्ये चार कामगारांतील एक बेकार होता. कारखान्यांना माल बनविता येत होता, पण तो बनविणाऱ्यांच्या मजुरीत तो विकत घेण्याचे बळ नव्हते. काही वर्षे हप्त्यांनी ही फट झाकली होती, इतकेच.

या अंधारात दोन कॅथलिक आवाज उठले. त्यांच्याविषयी सांगावे म्हणूनच हा लेखप्रपंच.

पहिला आवाज आमच्यासारख्याच एका धर्मगुरूचा. फादर चार्ल्स कॉग्लिन यांनी डेट्रॉइटजवळच्या रॉयल ओक गावी छोट्या तेरेजेच्या नावे देऊळ उभारले. क्लॅनच्या लोकांनी आवारात क्रूस जाळला, असे ते सांगत. १९२६ मध्ये त्यांनी नभोवाणीवर मुलांसाठी प्रवचने सुरू केली. मंदी आली तेव्हा ते गरिबांची बाजू घेऊन सावकारांवर तुटून पडले. श्रोते कोटींवर गेले. पत्रे उघडण्यासाठी शंभरावर कारकून लागत. परमगुरुस्वामी अकरावे पायस यांनी मे १९३१ मध्ये काढलेल्या सामाजिक न्यायाच्या विश्वपत्राचा ते हवाला देत. सुरुवात चांगली होती. पण गर्दीला दर आठवड्याला नवा शत्रू लागतो. बँका, मग राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट, आणि शेवटी ज्यू. १९३८ मध्ये त्यांच्या साप्ताहिकाने ज्यूंविरुद्धचा एक कुप्रसिद्ध बनावट दस्तऐवज छापला, आणि जर्मनीत ज्यूंची सभास्थाने जाळली गेल्यावर काही दिवसांतच फादरांनी नभोवाणीवरून दोष ज्यूंच्याच माथी मारला. १९४२ मध्ये त्यांच्या महागुरुस्वामींनी त्यांना गप्प राहण्याची आज्ञा केली. त्यांनी ती पाळली आणि १९६६ पर्यंत ते आपल्या धर्मग्रामाची सेवा करीत राहिले.

दुसरा आवाज डोरोथी डे यांचा. पत्रकार, क्रांतिकारकांत वावरलेली, लग्नाविना आई झालेली ही बाई १९२७ साली कॅथलिक झाली. पीटर मोरँ या फ्रेंच शेतकऱ्याच्या पोराबरोबर तिने १ मे १९३३ रोजी न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये 'कॅथलिक वर्कर' हे वृत्तपत्र विकायला काढले. प्रती अडीच हजार, किंमत एक सेंट. त्यापाठोपाठ आश्रयगृहे आली, सूप आणि कॉफी आली, दारात रांगा लागल्या. रांगेतल्या माणसाला 'तू कोठला, कोणत्या धर्माचा?' असे तेथे विचारीत नसत. १९७० मध्ये त्या भारतात येऊन मदर तेरेसांनाही भेटल्या होत्या.

सेमिनरीत असताना आम्हांस वाटे, आपण अर्थातच डोरोथी डे यांच्या बाजूचे. आता एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी, गावातल्या जमिनी झपाट्याने विकल्या जात होत्या आणि विहिरी आटत होत्या, तेव्हा आम्ही एका रविवारी त्यावर प्रवचन केले. विषय न्याय्य होता. पण बोलता बोलता, जमिनी विकणारे आपलेच आणि घेणारे धनवान, हे सोडून आमची जीभ 'बाहेरून आलेल्या लोकांवर' घसरली. ओळीओळीने खाली देवळात माना डोलू लागल्या, तसा आमचा आवाज चढला. मिस्सेनंतर कितीतरी जणांनी हात धरला. "फादर, आज बोललात!" खोटे कशाला सांगा, ते फार गोड लागले.

सगळे पांगल्यावर शेवटच्या बाकावरची एक बाई पुढे आली. झारखंडची, आदिवासी, कॅथलिक. येथे एका घरी वृद्धांची शुश्रूषा करते. तिने हिंदीत हळू विचारले, "फादर, मी पुढच्या रविवारी आले तर चालेल ना?" तिच्या स्वरात राग नव्हता. खरेच परवानगी विचारीत होती. आम्हांस उत्तर सुचेना.

त्या रात्री फादर कॉग्लिन आठवले. ते राक्षस नव्हते. लोकांचे दुःख त्यांना खरेच दिसले होते. पण दुःखाचे कारण शोधणे कष्टाचे असते आणि दोषी दाखविणे सोपे. ध्वनिक्षेपक हाती असला की त्या दोहोंतले अंतर पावलाभराचेच उरते. पुढच्या रविवारी त्याच वेदीवरून, त्याच ध्वनिक्षेपकातून आम्ही क्षमा मागितली. त्या दिवशी हात धरायला फार कोणी आले नाही. ती बाई मात्र आली होती.

अमेरिकेने त्या मंदीतून काही शिकून घेतले. १९३३ मध्ये बँकांतील ठेवींच्या विम्याचा कायदा झाला, १९३५ मध्ये म्हातारपणाच्या निवृत्तिवेतनाचा, १९३८ मध्ये किमान मजुरीचा. किमान मजुरी आणि सामाजिक विमा यांची मागणी तेथल्या बिशपांच्या पत्रकात १९१९ सालीच होती. तो मसुदा फादर जॉन रायन यांनी लिहिला होता. त्यांच्यामागे कोटी श्रोते नव्हते. ते आयुष्यभर आकडे मांडीत राहिले, इतकेच.

परवा त्या मोटारवाल्या तरुणाची आई मिस्सा मागायला आली. हेतू काय लिहू, म्हणून विचारले. म्हणाली, "मुलाची नोकरी टिकावी, फादर. कंपनीत माणसं कमी करताहेत." आम्ही वहीत लिहून घेतले. मग किती हप्ते फिटले, हे आम्ही विचारले नाही. मुलाला संध्याकाळी घरी पाठव, दोघे बसून हिशेब करू, एवढे सांगितले.