पंप कुठलाही आणा, ब्रॅकेटचं काय?

जुन्या ट्रकला पॉवर स्टिअरिंग बसवायचं ठरलं की मालक पहिल्यांदा पंपाचा भाव काढतो. कुठल्या कंपनीचा, नवा घ्यावा की कुर्ल्याच्या बाजारातून जुना उचलावा, सोबत स्टिअरिंग बॉक्स मिळेल का, सगळी चौकशी होते. ब्रॅकेटबद्दल आपणहून विचारणारा मालक मला अजून भेटायचा आहे. पंपाला नाव असतं, नंबर असतो, छापील खोकं असतं. ब्रॅकेट हा त्याच्या लेखी लोखंडाचा एक तुकडा. ‘ते मिस्त्री बघतील काहीतरी’. या कामातलं निम्म्याहून जास्त कसब त्या ‘काहीतरी’तच जातं.

माझं गाव चिंचणी. इथे आणि किनाऱ्यालगतच्या आसपासच्या गावांत दागिन्यांचे डाय बनवायचा धंदा आहे. पोलादाच्या ठोकळ्यावर बारीक नक्षी कोरायची, आणि हात जरा सरकला की ठोकळा वाया. मी कानस धरायला शिकलो ते असल्याच एका ओसरीवर. पुढे पोट भरलं ते मात्र चारोटी-तलासरी पट्ट्यातल्या गाड्यांवर. डायवाल्यांची एक सवय तेवढी हाताला चिकटली: आधी सपाटी बघायची, मग बाकीचं.

माझ्याकडे येणाऱ्या गाड्या काही महामार्गावर सुसाट जाणाऱ्या नव्या मल्टिअ‍ॅक्सल नव्हेत. तबेल्यांसाठी मुंबईला गवत नेणाऱ्या, बर्फ-मासळी वाहणाऱ्या, चिकूच्या वाडीत मागे मागे घ्याव्या लागणाऱ्या, तारापूर औद्योगिक वसाहतीत पाणी पोचवणाऱ्या. यांतल्या बऱ्याच जणींचं वय त्यांच्या ड्रायव्हरपेक्षा जास्त. त्या बनल्या तेव्हा थाळ्यासारखं मोठं चाक आणि ड्रायव्हरचे खांदे हीच ‘पॉवर’. दोन टायरच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर तेव्हा सहा टनांची मर्यादा होती, 2018 मध्ये ती सात टनांवर गेली. भरलेली गाडी उभ्या जागी वळवणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिसने 1920 च्या दशकातच तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग करून दाखवलं होतं, 1951 मध्ये क्रायस्लरने ते विकायच्या मोटारीत घातलं. पुणे जिल्ह्यात वढू बुद्रुकला स्टिअरिंग गिअर बनवणारी झेडएफ स्टिअरिंग गिअर (इंडिया) ही कंपनी 1981 ची. आमच्या गवताच्या गाड्यांपर्यंत ही सोय पोचायला त्यानंतरही बराच काळ गेला, आणि पोचली ती बहुतेक दुसऱ्या गाडीच्या अंगावरून उतरून.

इथूनच जुळवाजुळव सुरू होते. पंप हातात घेतला की मी आधी त्याचा शाफ्ट बघतो. पंप गिअरवर चालणारा आहे की पट्ट्यावर? गिअर किंवा कपलिंगवर चालणाऱ्या पंपाच्या शाफ्टला बाजूचा ओढा फारसा नसतो, त्यामुळे आतलं बेअरिंगही बेताचं असतं. असा पंप स्वस्तात मिळाला म्हणून त्याला पुली ठोकून पट्टा ताणला की पट्टा रात्रंदिवस शाफ्टला एका अंगाला ओढतो. आधी सील गळतं, मग बेअरिंग बोलायला लागतं. लोक म्हणतात पंप खराब निघाला. पंप चांगलाच होता, त्याच्याकडून भलतं काम करून घेतलं.

मग फिरण्याची दिशा. शाफ्टच्या तोंडाकडून बघायचं, घड्याळाच्या काट्याप्रमाणे की उलट. व्हेन पंप उलटा फिरवला तर दाब देत नाही, आणि ब्रॅकेट इंजिनाच्या पुढून मागे वळवला की दिशा आपोआप उलटते. कागदावर हे पोराला कळेल; इंजिनाखाली पालथं पडून बघताना भल्याभल्यांचा गोंधळ होतो. म्हणून खडूने बाण काढायचा, क्रँकच्या पुलीवर एक, पंपावर एक.

पुलीचा हिशेबही कुणी करत नाही. समजा क्रँकची पुली 200 मिलिमीटरची आणि पंपाची 150 ची. इंजिन मिनिटाला 600 फेऱ्यांवर शांत उभं असताना पंप 800 फेऱ्या घेतो. फेरीमागे 10 सी.सी. तेल देणारा पंप असेल तर मिनिटाला फार तर 8 लिटर, त्यातली गळती वेगळी. बॉक्सला 12 लिटर लागत असतील तर गाडी रस्त्यावर लोण्यासारखी वळेल आणि वाडीच्या फाटकात, जिथे खरी गरज, तिथे जड होईल. अशा वेळी पंपावर पैसे घालण्याआधी लेथवाल्याकडे जाऊन पुली बघावी. खाचही बघावी. ‘ए’ पट्टा वरून 13 मिलिमीटर रुंद, ‘बी’ 17. ‘बी’च्या खाचेत ‘ए’ पट्टा बुडाला टेकतो, कडांना पकडत नाही, आणि चाक पूर्ण वळवलं की किंचाळतो.

आता ब्रॅकेट. पंपाच्या तोंडाशी एक गोल उंचवटा असतो, तो ब्रॅकेटच्या भोकात घट्ट बसला पाहिजे. पंपाला मधोमध तो धरतो, बोल्ट नुसते दाबतात. बहुतेक जण नेमकं हेच भोक गॅसने कापून ‘मोकळं’ करतात. मग सगळा भार बोल्टांवर. त्यात बोल्टही सरमिसळ. जुन्या लेलँडमध्ये इंचाचे आटे निघतात, टाटात मिलिमीटरचे. 5/16 इंचाचा बोल्ट म्हणजे 7.94 मिलिमीटर, 8 मिलिमीटरच्या भोकात तो दोन-तीन आटे गुमान जातो आणि मग अडतो. तिथे लांब पाना लावणाऱ्याला मी माझ्या शेडमध्ये ठेवत नाही.

मूळचा बिडाचा ब्रॅकेट मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर 10-12 मिलिमीटरची प्लेट घेऊन बनवावा लागतो, आणि इथे वेल्डिंग दगा देतं. तापलेली प्लेट थंड होताना ओढली जाते. तिरकेपणा डोळ्यांना दिसत नाही, पट्ट्याला मात्र कळतो. म्हणून आधी टाके मारायचे, प्लेट जाड ठोकळ्याला बोल्टने आवळायची, आलटून पालटून दोन्ही अंगांनी वेल्ड करायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं आणि पंप बसतो ती बाजू सगळ्यात शेवटी लेथवर साफ करायची. आधी फेस मारून नंतर वेल्डिंग करणाऱ्यांशी माझा वाद कधी मिटला नाही. दोन पुल्या फूटभर अंतरावर असतील तर खाचांच्या ओळीत अडीच मिलिमीटरपर्यंतचा फरक पट्टा सोसतो. मागे-पुढे असेल तर शिम घालून निघतो. तिरका असेल तर शिम घालून काही होत नाही, ब्रॅकेट पुन्हा खोलावा लागतो.

ब्रॅकेटला तिसरा पाय हवा. दोन बोल्टांवर लटकलेला पंप इंजिनाबरोबर थरथरतो आणि वेल्डच्या कडेला चीर धरतो. पण तो आधार इंजिनालाच द्यायचा, चॅसिसला नाही. इंजिन रबरावर डुलतं, चॅसिस आपल्या जागी असते. दोघांना पट्टीने बांधलं की काहीतरी तुटणारच. आमच्या खाऱ्या हवेत चीर ओळखणं मात्र सोपं. रंगावर बारीक तांबूस रेघ उमटली की समजावं. बोल्टभोवती तपकिरी पूड दिसली तर तो सैल होऊन घासतोय.

तेलाच्या टाकीचं थोडक्यात. ती पंपाच्या वर हवी आणि ओढीचा पाइप जाड हवा. पंप गुरगुरला, तेलाला फेस आला, तर हवा शिरते आहे. पुढची चाकं जॅकवर उचलून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वळवावीत, टाकी रिकामी होऊ देऊ नये. चाक टोकाला दाबून धरून ठेवू नये, रिलीफ व्हॉल्व्ह उघडा पडून तेल उकळतं. गिअरवरच्या पंपात बाहेर थेंब न पडता टाकी उतरत असेल तर इंजिनाची डिपस्टिक काढून बघा. सील फुटून तेल तिकडे गेलेलं असतं.

स्टिअरिंगचं काम आहे, म्हणून एवढं स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही. तुमच्याच मॉडेलची पॉवर स्टिअरिंगवाली गाडी निघाली असेल तर तिचाच पूर्ण संच शोधा, पंप, पुली, ब्रॅकेट, बॉक्स, टाकी, सगळं एकाच गाडीचं. चार गाड्यांचे चार तुकडे स्वस्त पडतात ते बाजारात, माझ्या शेडमध्ये त्यांची मजुरी दुप्पट होते. आणि भंगारातून पंप उचलाल तेव्हा विकणाऱ्याला त्याचा ब्रॅकेटही मागा. तुटका असला तरी घ्या, मोजमाप त्यावरूनच मिळतं.