चुकीचा गिअर

आज एक कबुली द्यायची आहे. मागच्या वर्षी मी पप्पांच्या गाडीची किल्ली लपवली.

पप्पांनी तीस वर्षं बेळगाव-पुणे मार्गावर लॉरी चालवली. डावा गुडघा धरू लागला तरी घरची जुनी गाडी ते काढायचेच. एकदा चढावर पाय क्लचवरून सटकला, इंजिन बंद पडलं आणि गाडी मागं घरंगळत कुंपणाला टेकली. कुणाला लागलं नाही. त्याच रात्री किल्ली माझ्या कपाटात गेली. मी काही सांगितलं नाही, त्यांनी काही विचारलं नाही. पण जेवताना ते माझ्याशी बोलेनासे झाले.

माझा मुलगा शर्यतीच्या गाड्यांचा वेडा. एका संध्याकाळी तो आजोबांना फेरारीची गोष्ट सांगत बसला. जॉन बर्नार्ड या इंग्रज अभियंत्यानं फेरारी ६४० मधला गिअरचा दांडाच काढून टाकला. दांड्याला आणि तो हलवणाऱ्या हाताला जागा लागते. दांडा नसला तर चालकाची जागा अरुंद करता येते, असा त्याचा हिशेब. स्टिअरिंगच्या मागं दोन पट्ट्या बसवल्या. उजवी ओढली की वरचा गिअर, डावी ओढली की खालचा. धावताना क्लचचं काम यंत्रणाच करी. सरावात ही गाडी सारखी बंद पडे. १९८९ च्या ब्राझीलच्या शर्यतीला नायजेल मॅन्सेलनं तर घरी परतायला लवकरचं विमान ठरवून ठेवलं होतं, आणि नेमकी तीच शर्यत तो जिंकला. १९९७ मध्ये एफ३५५ बरोबर या पट्ट्या फेरारीच्या रस्त्यावरच्या गाडीतही आल्या.

"आता तर काही गाड्यांत दोन क्लच असतात, आजोबा. एक विषम गिअरांचा, एक सम गिअरांचा. एकावर गाडी धावते, तोवर पुढचा गिअर दुसऱ्यावर तयार."

पप्पा कित्येक आठवड्यांनी हसले. "आम्ही एकच क्लच दोनदा दाबायचो. मध्ये न्यूट्रल, थोडा एक्सिलेटर, मग खालचा गिअर. डबल क्लच म्हणायचो त्याला. यांनी दोन बसवलेच की!"

मुलाच्या मित्राकडं अशा पट्ट्यांची ऑटोमॅटिक गाडी होती. एका रविवारी उपासनेनंतर आम्ही मोकळ्या मैदानावर गेलो. मी मागं जीव मुठीत धरून बसले. डाव्या पायाला कामच नव्हतं. दोन फेऱ्यांत पप्पांचा हात बसला. मग वेगात असतानाच त्यांनी डावी पट्टी लागोपाठ ओढली. गाडीनं दुसरा गिअर घेतला, पहिला घेतला नाही.

"ऐकत नाही रे ही."

"या वेगात पहिला पडला तर इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जातील, आजोबा. म्हणून नाही म्हणते. वेग उतरू द्या, मग घेईल."

वेग उतरला, आणि तिनं घेतला.

मागच्या सीटवर मी गप्प झाले. त्या गाडीनं एका चुकीच्या मागणीला नकार दिला होता, तोही तेवढ्या वेळापुरता. स्टिअरिंग त्यांच्याच हातात होतं, ब्रेक त्यांच्याच पायाखाली. मी मात्र एका चढापायी त्यांचा सारा रस्ता बंद केला होता, आणि तोही न बोलता. माझी भीती खोटी नव्हती. गुडघा खरंच अधू आहे, आणि रस्त्यावर लोकांची लेकरं असतात. पण त्या भीतीला काळजी म्हणत मी कपाटाला कुलूप घातलं, आणि पप्पांचा अपमान झाला हे मला दिसलंच नाही.

त्या रात्री मी किल्ली त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. "पप्पा, ती क्लचची गाडी आता नको, हे मी अजूनही म्हणेन. पण तुम्हाला न विचारता किल्ली घेतली, ते चुकलं माझं."

ते बराच वेळ किल्ली बोटांत फिरवत राहिले. "आधी डॉक्टरांना गुडघा दाखवू. चालवा म्हणाले तर ही विकून ऑटोमॅटिक बघू. नको म्हणाले तर नको." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "विचारलं असतंस तर किल्ली मीच दिली असती गं."

वाचकहो, तुमच्या कपाटात घरातल्या कुणाची किल्ली आहे का? असली तर आज जेवायच्या आधी त्यांच्याशी बोला.