वायरलेस स्पीकर आणि घरच्या नेटवर्कचा भरवसा

घरातला वायरलेस स्पीकर म्हणजे कर्ण्यामागे बसवलेला छोटा संगणकच असतो. प्रोसेसर, मेमरी, वाय-फायची चिप आणि बहुतेक वेळा लिनक्सवर उभे असलेले सॉफ्टवेअर एवढा ऐवज त्यात असतो. गाणे फोनमधून स्पीकरकडे जाते असा समज असला, तरी अनेक प्रणालींत फोन फक्त हुकूम देतो. स्पीकर स्वतः इंटरनेटवर जाऊन संगीतसेवेच्या सर्व्हरवरून गाणे आणतो, म्हणून फोन बंद पडला तरी गाणे थांबत नाही. त्यासाठी स्पीकरला वाय-फायचा पासवर्ड आणि संगीतसेवेच्या खात्याची ओळख जवळ ठेवावी लागते. आवाजी आज्ञा ऐकणारा असेल तर त्याला मायक्रोफोनही असतो. स्पीकरच्या सुरक्षेचा प्रश्न उभा राहतो तो या तीन गोष्टींमुळे.

कॅलिफोर्नियातल्या सोनोस कंपनीने २००५ मध्ये वेगवेगळ्या खोल्यांत एकच गाणे एकाच वेळी वाजवणारे संच विकायला सुरुवात केली. तेव्हापासूनच्या बहुतेक घरगुती ध्वनिप्रणाली एका गृहीतकावर उभ्या आहेत: जो घरच्या नेटवर्कवर आहे तो घरचाच माणूस. गेल्या काही वर्षांत सुरक्षेची जी नवी सेटिंग्ज आली, ती या गृहीतकाला एकेका ठिकाणी मुरड घालणारी आहेत. कोणते सेटिंग काय करते आणि ते बदलल्यावर काय बंद पडते, हे त्यामुळेच या गृहीतकापासून समजून घेणे सोपे जाते.

स्पीकर कसा सापडतो

ॲप उघडताच फोन घरच्या नेटवर्कवर एक हाक देतो. यूपीएनपी या पद्धतीत ती २३९.२५५.२५५.२५० या सामूहिक पत्त्यावर, १९०० क्रमांकाच्या पोर्टवर जाते. घरातला प्रत्येक स्पीकर ‘मी इथे आहे’ असे उत्तर देतो आणि स्वतःची माहिती कुठे मिळेल तो पत्ताही कळवतो. सोनोसच्या बाबतीत ही माहिती १४०० क्रमांकाच्या पोर्टवर मिळते. त्याच वाटेने आवाज कमी-जास्त करणे, गाणे बदलणे, खोल्या जोडणे असे हुकूम जातात. मूळ यूपीएनपीमध्ये हुकूम देणाऱ्याची ओळख तपासण्याची सोय नाही. हे निष्काळजीपणाने झालेले नाही. घरातल्या कोणालाही विनाकटकट गाणे लावता यावे, म्हणून ती पद्धत तशी आखलेली आहे.

स्पीकरचे पोर्ट चुकीच्या राउटर-सेटिंगमुळे थेट इंटरनेटवर उघडे पडले की हीच सोय अंगाशी येते. ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने २०१७ च्या अखेरीस सोनोस आणि बोसच्या काही स्पीकरांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. बाहेरच्या माणसाला त्यांवर हवा तो आवाज वाजवता येत होता. सोनोसच्या स्थितिदर्शक पानांवरून तर संगीतसेवांना जोडलेले ईमेल पत्ते आणि घरातल्या इतर उपकरणांची नावेही दिसत होती.

पोर्ट बाहेर उघडे नसले तरी धोका पुरता टळत नाही, हे २०१८ मध्ये ब्रॅनन डॉर्सी या संशोधकाने दाखवले. घरातल्या कोणी एखादे वेबपान उघडले की त्या पानाचे संकेतस्थळ आपल्या नावाचा पत्ता मध्येच बदलून घरातल्या स्पीकरचा अंतर्गत पत्ता सांगते. ब्राउझरला ते अजूनही तेच संकेतस्थळ वाटते. अशा रीतीने घरातलाच ब्राउझर परक्याचे हुकूम स्पीकरपर्यंत पोहोचवतो. सोनोस, गुगल होम आणि रोकू ही तिन्ही प्रकारची उपकरणे या युक्तीला बळी पडत होती. कंपन्यांनी नंतर अपडेट देऊन ही वाट बंद केली.

सेटिंगच्या खालच्या थरातल्या त्रुटी

काही त्रुटी ॲपमधल्या कोणत्याही बटणाच्या आवाक्यात येत नाहीत. एनसीसी ग्रुपच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२४ मध्ये ‘ब्लॅक हॅट’ परिषदेत सोनोस वन या स्पीकरवरचा हल्ला सादर केला. स्पीकर वाय-फायला जोडला जाताना राउटर आणि स्पीकर यांच्यात चार निरोपांची देवाणघेवाण होते आणि दोघांकडे एकच किल्ली असल्याची खातरजमा होते. या निरोपांतला एक घटक स्पीकरमधला वाय-फायचा ड्रायव्हर नीट तपासत नव्हता. मुद्दाम बिघडवलेला घटक पाठवला की ड्रायव्हर कोलमडत असे आणि हल्लेखोराचा प्रोग्राम थेट कर्नलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गाभ्यात, चालू होई. हल्लेखोर वाय-फायच्या टप्प्यात असला की पुरे. पुढे मायक्रोफोन चालू करून खोलीतले बोलणे गुपचूप टिपता येते, हेही त्यांनी करून दाखवले. या त्रुटीवरचा उपाय मात्र २०२३ च्या अखेरीसच अपडेटमधून स्पीकरांपर्यंत गेला होता. ज्यांचे अपडेट आपोआप होत होते, त्यांच्या घरी परिषदेच्या कितीतरी आधी हे दार लागलेले होते.

एप्रिल २०२५ मध्ये ओलिगो सिक्युरिटी या कंपनीने फोनवरून स्पीकरवर गाणे पाठवण्याच्या ॲपलच्या एअरप्ले या पद्धतीतल्या २३ त्रुटी जाहीर केल्या. त्या संचाला ‘एअरबोर्न’ असे नाव दिले. यांतली एक इतर कंपन्या स्पीकर बनवताना वापरतात त्या एअरप्लेच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये होती. त्याच नेटवर्कवरचा हल्लेखोर, मालकाने कशालाही हात न लावता, अशा स्पीकरचा ताबा घेऊ शकत होता. ॲपलने स्वतःच्या उपकरणांना अपडेट दिले आणि इतर कंपन्यांना दुरुस्त सॉफ्टवेअर पुरवले. पण ते ग्राहकाच्या स्पीकरपर्यंत नेण्याचे काम ज्या त्या कंपनीचे. एअरप्लेचे चिन्ह एकच असले तरी दुरुस्ती कधी मिळेल हे खोक्यावरच्या नावावर अवलंबून राहते.

अपडेट होताना काय घडते

फोनमधले ॲप आणि स्पीकरमधले सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. ॲप फोनच्या ॲप स्टोअरमधून बदलते. फर्मवेअर कंपनीच्या सर्व्हरवरून थेट स्पीकरमध्ये उतरते. फोनमध्ये ॲपचे अपडेट झाले म्हणून स्पीकरचेही झाले असे नाही.

फर्मवेअर उतरले की स्पीकर आधी त्याची डिजिटल सही तपासतो. सही कंपनीच्या गुप्त किल्लीने केलेली असते आणि ती पडताळण्याची जाहीर किल्ली कारखान्यातच स्पीकरमध्ये बसवलेली असते. सही जुळली नाही तर फाइल टाकून दिली जाते. चांगल्या रचनेत मेमरीचे दोन भाग असतात. चालू सॉफ्टवेअर एका भागात राहते, नवे दुसऱ्या भागात लिहिले जाते आणि मग स्पीकर नव्या भागावरून सुरू होतो. तो नीट सुरू झाला नाही, तर जुन्यावर परत येतो. त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी असा स्पीकर सहसा निकामी होत नाही. तरीही दिवा लुकलुकत असताना प्लग काढू नये, कारण स्वस्तातल्या प्रत्येक स्पीकरमध्ये ही सोय असतेच असे नाही. पुष्कळ उपकरणे सुरक्षेच्या कारणासाठी जुन्या आवृत्तीवर परत जाऊ देत नाहीत. ओळखीची त्रुटी असलेली जुनी आवृत्ती मुद्दाम परत बसवण्याचा डाव त्यामुळे फसतो.

एका घरातले सगळे स्पीकर ताल धरून वाजायचे तर त्यांची आवृत्ती जुळावी लागते. पाहुण्यांच्या खोलीतला एखादा स्पीकर सहा महिने प्लग काढून ठेवला असेल, तर तो सुरू करताच ॲप अपडेट मागते, ते यासाठीच. सोनोस, ॲपलचा होमपॉड यांच्या ॲपमध्ये आपोआप अपडेटचे बटण असते. ॲमेझॉनचा एको अपडेट स्वतःच घेतो, त्याला असे बटण नाही.

अपडेटबद्दल लोकांच्या मनात अढी असते, तिलाही कारण आहे. सोनोसने मे २०२४ मध्ये पूर्ण नव्याने लिहिलेले ॲप आणले. त्यात गजर, झोपेचा टायमर अशा जुन्या सोयी सुरुवातीला नव्हत्या. ग्राहकांचा रोष इतका वाढला की जानेवारी २०२५ मध्ये कंपनीचे प्रमुख पॅट्रिक स्पेन्स पायउतार झाले. अपडेटने सुरक्षेचा पर्यायच काढून घेतल्याचेही उदाहरण आहे. बोलणे क्लाउडवर न पाठवता उपकरणातच हाताळण्याचा पर्याय अमेरिकेतल्या काही मोजक्या एकोंवर होता. ॲमेझॉनने तो २८ मार्च २०२५ पासून बंद केला. म्हणून मोठ्या अपडेटनंतर गोपनीयतेची आणि सुरक्षेची पाने एकदा उघडून पाहणे हाही अपडेटचाच भाग मानावा.

कोणते सेटिंग काय बदलते

यूपीएनपी बंद केले की स्पीकर त्या वाटेने येणारे हुकूम घेत नाही. कंपनीचे स्वतःचे ॲप ओळख पटवून दुसऱ्या वाटेने चालते. मात्र इतरांनी लिहिलेली नियंत्रक ॲप किंवा घरातली स्वयंचलन प्रणाली यांचा संपर्क तुटू शकतो. सोनोसच्या ॲपमध्ये यूपीएनपी आणि पाहुण्यांचा वापर यांसाठी आता वेगवेगळे पर्याय आहेत. ज्या घरात अशी बाहेरची ॲप वापरात नाहीत, तिथे यूपीएनपी बंद ठेवल्याने काही अडत नाही.

एअरप्लेसाठी ॲपलच्या ‘होम’ ॲपमध्ये मुभा ठरवता येते: सगळ्यांना, त्याच नेटवर्कवरच्या कोणालाही, किंवा फक्त त्या घरात सामील केलेल्या लोकांना. पहिल्या पर्यायात शेजारचा फोनही स्पीकर पाहू शकतो. गुगलच्या कास्ट पद्धतीत एका घरी गाणे सुरू झाले की त्याच वाय-फायवरच्या अँड्रॉइड फोनांवर ते थांबवण्याचे बटण उमटते. पाहुण्याने नकळत ते दाबल्याचा अनुभव अनेक घरांत आला असेल. गुगल होम ॲपमध्ये हे बंद करता येते.

खात्याचा पासवर्ड वेगळा असणे आणि दुहेरी पडताळणी सुरू असणे, याचे महत्त्व अनेकांना वाटते त्याहून जास्त आहे. खाते हातात आले की स्पीकर हातात येतो. गुगल होम स्पीकरमधली एक त्रुटी मॅट कुन्झे या संशोधकाने २०२१ मध्ये कळवली. जवळपास असलेला माणूस वाय-फायचा पासवर्ड नसतानाही स्पीकरला नेटवर्कवरून खाली पाडून, जोडणीच्या अवस्थेत आणून, आपले खाते त्याला जोडू शकत होता. मग दुरून फोन लावण्याचा हुकूम द्यायचा आणि मायक्रोफोनमधून ऐकत बसायचे. गुगलने दुरुस्ती केली आणि त्याला १,०७,५०० डॉलरचे बक्षीस दिले. ॲपमधली जोडलेल्या खात्यांची यादी अधूनमधून पाहावी, ती यासाठी.

मायक्रोफोनचे बटण दोन प्रकारचे असते. काही स्पीकरांत ते केवळ सॉफ्टवेअरला सूचना देते. सोनोस एरा १०० सारख्या स्पीकरांत मागच्या बाजूला खटका असतो आणि तो मायक्रोफोनचा वीजपुरवठाच तोडतो. सॉफ्टवेअरचा ताबा गेला तरी दुसऱ्या प्रकाराला धक्का लागत नाही.

राउटरची बाजू

घरच्या माणसावरचा भरवसा टिकायचा तर घरात कोण येते हे राउटरने पाहिले पाहिजे. वाय-फायची जुनी डब्ल्यूईपी सुरक्षा २००१ मध्येच मोडली गेली. २००४ पासूनची डब्ल्यूपीए२ आजही चालते, पण तिच्या जोडणीतली ‘क्रॅक’ नावाची त्रुटी मॅथी व्हॅनहूफ यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये दाखवली आणि राउटरपासून स्पीकरपर्यंत सगळ्यांना अपडेट घ्यावे लागले. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आली. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवला तर अनेक जुने स्पीकर जोडले जात नाहीत. अशा वेळी दोन्ही चालणारा मिश्र पर्याय निवडावा लागतो.

ब्रॉडबँड कंपनीने बसवलेल्या राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावरचा पासवर्ड वर्षानुवर्षे तोच राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिला जातो. तो बदलणे आणि पाहुण्यांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क ठेवणे हे दोन बदल स्पीकरच्या कोणत्याही सेटिंगहून जास्त उपयोगाचे आहेत. स्पीकरच वेगळ्या नेटवर्कवर टाकण्याचा सल्लाही दिला जातो, पण तिथे एक अडचण आहे. स्पीकर शोधण्याची सामूहिक हाक एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर जात नाही. त्यामुळे फोन मुख्य आणि स्पीकर गेस्ट नेटवर्कवर असेल, तर ॲपला स्पीकर सापडत नाही. याशिवाय राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगच्या, म्हणजे इंटरनेटवरून घरात उघडलेल्या वाटांच्या, यादीत स्पीकरच्या पत्त्याची नोंद नाही ना, हे पाहून घ्यावे.

अपडेट थांबल्यावर

सोनोसने २०२० मध्ये आपल्या प्रणालीचे एस१ आणि एस२ असे दोन भाग केले. जुने स्पीकर एस१ वर राहिले. संगणकात साठवलेली गाणी वाजवण्यासाठी एस१ फाइल-देवाणघेवाणीची एसएमबी ही पद्धत पहिल्या आवृत्तीत वापरते. मे २०१७ मधला ‘वॉनाक्राय’ हल्ला याच पहिल्या आवृत्तीतल्या त्रुटीवर स्वार होऊन पसरला होता. जुना स्पीकर चालावा म्हणून घरच्या साठवणयंत्रावर ती आवृत्ती चालू ठेवली, तर धोका गाण्यांपुरता न राहता कुटुंबाच्या सगळ्या कागदपत्रांना असतो. बोसनेही ऑक्टोबर २०२५ मध्ये साउंडटच मालिकेची क्लाउड सेवा २०२६ मध्ये बंद करण्याचे जाहीर केले. अशा स्पीकरचा कर्णा उत्तम असतो. वाय-फाय तोडून तो तारेने जोडून वापरता येत असेल, तर तेच बरे. विकताना किंवा भंगारात देताना फॅक्टरी रीसेट करून खाते काढून टाकणे आवश्यक आहे, नाहीतर वाय-फायचा पासवर्ड स्पीकरबरोबर जातो.

सुरक्षेची अपडेट्स किती वर्षे मिळतील हे सांगणे काही देशांत आता कायद्याने बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून उत्पादकाला ही मुदत जाहीर करावी लागते आणि सगळ्या नगांना एकच सोपा पासवर्ड देता येत नाही. युरोपीय संघात इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या रेडिओ उपकरणांसाठी सुरक्षेच्या अटी १ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाल्या. ११ डिसेंबर २०२७ पासून पूर्णपणे लागू होणारा सायबर रेझिलिअन्स कायदा साधारणपणे किमान पाच वर्षांच्या अपडेटची अपेक्षा करतो. भारतात दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने २०२१ मध्ये घरगुती स्मार्ट उपकरणांसाठी आचारसंहिता प्रसिद्ध केली आहे, पण ती ऐच्छिक आहे. त्यामुळे इथल्या ग्राहकाने स्पीकर घेतानाच वॉट आणि बेसच्या बरोबरीने अपडेटची मुदत विचारावी आणि त्याच मॉडेलसाठी कंपनीने ब्रिटनमध्ये जाहीर केलेली तारीख तिच्या संकेतस्थळावर मिळते का तेही पाहावे.