गवताचा सिनेमा

केबलवर रात्री कार्टून संपली की त्याच चॅनलवर टीएनटीचे जुने इंग्रजी सिनेमे लागायचे. १९९७ची गोष्ट. तलासरीला मामाकडे होतो. घोडे दिसले म्हणून रिमोट खाली ठेवला. सिनेमा होता अँथनी मानचा, १९५० सालचा 'डेव्हिल्स डोअरवे'. शोशोनी जमातीचा लान्स पूल यादवी युद्धात पदक मिळवून वायोमिंगला परततो, तर बापजाद्यांची कुरणं त्याची नाहीतच, असं नवा कायदा म्हणतो. तो मुळात नागरिकच नाही, मग दावा कसला लावणार?

शेजारी आजी बसलेली. झरी गावची. इंग्रजीचा गंध नाही. पण पूलची वकीलबाई कागद घेऊन बोलायला लागली, तशी म्हणाली, "गेली जमीन."

२३ मे १९४५ला झरीत हजारो वारली आदिवासी जमले आणि जमीनदारांची वेठ करायची नाही असं ठरलं, तेव्हा ती दहा-बारा वर्षांची. पुढे गवतकापणीच्या दरासाठी संप झाला. आमच्याकडचं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. आजीच्या बोटांवर पात्यांचे चरे शेवटपर्यंत होते. पडद्यावरची मारामारीही गवतापायीच, हे तिला सांगावं लागलं नाही.

कॉलेजात पुन्हा पाहिला तेव्हा तोंडाला काळपट रंग फासून पूल झालेला रॉबर्ट टेलर बघून हसूच आलं. वकीलबाईशी जुळतंय-जुळत नाही तेही उगाच. जॉन ऑल्टनचा कॅमेरा मात्र आजही खिळवतो. गुत्त्यातल्या मारामारीत चेहरे अंधारातून अर्धेच वर येतात, उरलेला अर्धा आपण भीतीनं भरायचा. आणि खलनायक बंदूकवाला नाही, वकील आहे! एवढी अक्कल त्या काळच्या किती वेस्टर्नमध्ये होती?

खरी गोची शेवटी. पूल सैनिकी कोट चढवतो, पदक लावतो, एकटा बाहेर येतो, सलाम ठोकून कोसळतो. देखणं मरण, पण एकट्याचं. आमच्याकडच्या संपात १० ऑक्टोबर १९४५ला तलवाड्याला गोळीबारात जेठ्या गांगडसह पाच जण गेले, आणि त्यानंतरही गवताला विळा लागला नाही. मानच्या सिनेमात पूलचे लोक डोंगरासारखेच मागे उभे असतात, बोलतात क्वचित.

हे मला तिसऱ्यांदा पाहताना कळलं. आजीनं त्या रात्रीच विचारलं होतं, "बाकीचे कुठे गेले?"

मी तिला गप केलं होतं.